इजेच्या खालचा मज्जारज्जू

पाठीच्या कण्याला जबर मार बसून कमरेखाली लुळा पडलेला माणूस रुग्णालयात असतो. काही आठवडे जातात आणि एक दिवस त्याचा पाय हलतो. चादर ओढताना किंवा बहीण तळपायाला तेल चोळत असताना गुडघा एकदम वर येतो, पाय पोटाकडे ओढला जातो, क्षणभर थरथरतो आणि पुन्हा खाली पडतो. घरचे धावत नर्सकडे जातात. गावाला फोन जातात, कुणी नवस बोलतं. संध्याकाळी राउंडला आलेले डॉक्टर तळपायावरून किल्लीचं टोक फिरवतात, पाय पुन्हा तसाच उडतो, आणि ते म्हणतात, "हे रिफ्लेक्स आहे काका. आपोआप होतंय. याला सुधारणा म्हणू नका."

डॉक्टरांचं बरोबरच असतं. रुग्णाला 'पाय उचल' म्हटलं तर तो उचलता येत नाही, आणि तळपायाला काय लागलं हेही त्याला कळलेलं नसतं. पण एक साधा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारत नाही. मेंदूने हलवला नाही, तर पाय हलवला कोणी? गेल्या ऐंशी वर्षांत या दुखापतीच्या उपचारात जे भरीव काम झालं, ते बहुतेक सगळं या प्रश्नाच्या उत्तरावर उभं आहे. पाय हलवला तो इजेच्या खालच्या मज्जारज्जूने. तो जिवंत आहे.

मज्जारज्जू मोठ्या माणसात सुमारे 45 सेंटीमीटर लांब आणि जेमतेम करंगळीएवढा जाड असतो. मेंदूच्या तळापासून निघतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्यातून चेतातंतूंच्या 31 जोड्या बाहेर पडतात. माणूस झाडावरून किंवा परांचीवरून पडतो, मोटारसायकलवरून फेकला जातो, छातीच्या मागचा एखादा मणका चेंगरतो आणि त्याचा तुकडा आत घुसतो. तेव्हा प्रत्यक्ष चिरडला जातो तो या रज्जूचा दोन-तीन सेंटीमीटरचा भाग. त्याच्या खाली, पाय आणि लघवी सांभाळणाऱ्या भागात, चेतापेशी शाबूत असतात. त्यांना रक्त मिळतं, स्नायूंशी आणि कातडीशी त्यांचं नातं टिकून असतं. फक्त वरून हुकूम येणं थांबलेलं असतं, आणि खालची खबर वर जाणं थांबलेलं असतं. (मार अगदी कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली बसला, तर स्नायूंकडे जाणारे तंतूच तुटतात, पाय कायमचे सैल राहतात. ती दुखापत वेगळी, तिचे उपायही वेगळे.)

खालचा भाग जिवंत आहे ही बातमी ऐकायला चांगली वाटते, पण रुग्णाला पहिल्यांदा तिचा जाचच होतो. रात्री पाय आखडतात, झटके येतात, व्हीलचेअरवर बसताना मांड्या एकमेकींवर घट्ट आवळल्या जातात. त्याहून गंभीर मामला लघवीचा. एरवी मूत्राशय आकुंचन पावतं तेव्हा त्याच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडतो. हा मेळ मेंदूच्या देखरेखीखाली जमलेला असतो. ती देखरेख गेली की दोघंही एकाच वेळी आवळतात. बंद तोंडावर जोर लावत राहिल्याने मूत्राशयातला दाब चढतो, लघवी उलटी मूत्रपिंडांकडे जाते, आणि संवेदना नसल्यामुळे माणसाला काहीच दुखत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक दशकं या रुग्णांच्या मृत्यूचं मोठं कारण मूत्रपिंडं निकामी होणं हेच होतं. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर आणखी एक धोका असतो. मूत्राशय तुंबलं की खालचा मज्जारज्जू रक्तवाहिन्या आवळतो, आणि वरून त्याला आवरणारं कुणी नसतं. रक्तदाब भराभर वर जातो, डोकं फुटायची वेळ येते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी त्याला आधी उठवून बसवायचं आणि लघवीची नळी कुठे दुमडली आहे का ते बघायचं. पुष्कळदा ती मांडीखाली दबलेली सापडते. ती सरळ केली की काही मिनिटांत रक्तदाब उतरू लागतो. घरातल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक हवी. तिच्यावाचून माणसं दगावतात.

म्हणून या क्षेत्रातली पहिली मोठी झेप चालण्याची नव्हती, जगवण्याची होती. 1 फेब्रुवारी 1944 रोजी इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात लुडविग गुटमान यांच्या हाताखाली मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू झाला. नाझी जर्मनीतून निसटून आलेले हे चेताविकारतज्ज्ञ. त्याआधीच्या महायुद्धात अशा जखमी सैनिकांपैकी बहुतेक सगळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात. कुणी पाठीवरच्या जखमा सडून, कुणी लघवीच्या जंतुसंसर्गाने. गुटमान यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायला लावली, मूत्राशयाची निगा काटेकोर केली, आणि जे हात शाबूत होते त्यांना कामाला लावलं. 29 जुलै 1948 रोजी त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर व्हीलचेअरवरच्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचा उगम तिथला. 1972 साली हायडेलबर्गच्या स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावच्या मुरलीकांत पेटकरांनी पन्नास मीटर पोहण्यात भारतासाठी सुवर्णपदक आणलं. 1965च्या युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या होत्या, त्यातली एक पाठीच्या कण्यात. स्टोक मँडविलच्या विचाराची फळं इतक्या लांब पोचली होती.

त्याच 1972 सालात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जॅक लॅपिडीस या मूत्ररोगतज्ज्ञाने एक पद्धत मांडली, आणि तिने वाचवलेल्या जिवांची मोजदाद करणं अवघड आहे. कायमची नळी आत ठेवायची नाही; दर चार-सहा तासांनी स्वच्छ हातांनी बारीक नळी घालायची, मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं, नळी काढून टाकायची. निर्जंतुक हातमोजे, मास्क वगैरे हवंच असं नाही, स्वच्छता पुरते, असं त्यांचं म्हणणं होतं. तुंबून ताणलेल्या मूत्राशयाची भिंत रक्ताला महाग होते आणि जंतूंना तिथे थारा मिळतो. वेळेवर रिकामं झालं तर शरीर जंतूंशी स्वतः लढतं, हा त्यांचा तर्क. पुढच्या अनुभवाने तो खरा ठरवला. औषधाच्या दुकानात मिळणारी ती साधी नळी आणि घड्याळ यांना मी या दुखापतीतलं तंत्रज्ञानच म्हणतो, आणि वरच्या दर्जाचं.

लंडनमध्ये जाइल्स ब्रिंडली यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. 1970च्या दशकात त्यांनी माकडहाडाजवळच्या चेतामुळांवर इलेक्ट्रोड बसवून, बटण दाबलं की मूत्राशय रिकामं व्हावं अशी योजना केली. अडचण अशी की त्या मुळांना वीज दिली की मूत्राशयही आवळतं आणि त्याचं तोंडही. ब्रिंडलींनी दोन स्नायूंच्या स्वभावातला फरक हेरला. तोंडाचा स्नायू चटकन आवळतो आणि चटकन सैल पडतो, मूत्राशयाचा स्नायू सावकाश आवळतो आणि सावकाश सैल होतो. म्हणून सलग वीज न देता थोडी द्यायची, थांबायचं, पुन्हा द्यायची. थांबलेल्या क्षणी तोंड उघडतं, मूत्राशय मात्र अजून दाबतच असतं, आणि लघवी टप्प्याटप्प्याने बाहेर पडते. शरीराकडे इतकं बारकाईने बघून केलेली युक्ती मला फार थोर वाटते. तिला किंमतही होती. सोबत बहुधा संवेदनेची मुळं कापावी लागत, आणि त्यात पुरुषांचा उरलासुरला लैंगिक प्रतिसाद जाई. पण या यंत्राचा आधार एकच होता: खालचे चेतातंतू अजून ऐकतात.

ते नुसते ऐकत नाहीत, त्यांना चालणंही येतं. 1911 साली टॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, पायांकडून येणारी संवेदनाही तोडली, आणि तरी मागच्या पायांचे स्नायू काही काळ आळीपाळीने आवळत-सैल होत राहिलेले त्यांना दिसले. म्हणजे पाऊल उचलण्या-टेकण्याचा ताल मज्जारज्जूच्या आतच घडतो; मेंदू तो सुरू करतो, थांबवतो, वळवतो. पुढची जवळपास पन्नास वर्षं या निष्कर्षाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. नंतर प्रयोगशाळांनी दाखवलं की मज्जारज्जू पूर्ण तुटलेलं मांजर सरकत्या पट्ट्यावर रोज धरून चालवलं, तर काही आठवड्यांत त्याचे मागचे पाय आपलं वजन पेलत पावलं टाकू लागतात. लॉस एंजेलिसमध्ये रेजी एजर्टन यांच्या गटाला त्याहून मोलाची गोष्ट सापडली. ज्या मांजरांना फक्त उभं राहण्याचा सराव दिला ती उभी राहायला शिकली, पण त्यांना नीट चालता येईना. चालण्याचा सराव दिलेली चालू लागली. मेंदूशी संबंध नसलेला मज्जारज्जू जे शिकवाल ते शिकत होता, आणि सराव सुटला की विसरत होता.

इथे माझ्या मते हा विषय खरा वळण घेतो. जिवंत असणं ही एक गोष्ट, शिकू शकणं ही वेगळी. जो शिकू शकतो त्याच्या बाबतीत 'झालं ते झालं' असं म्हणता येत नाही.

माणसाचं मांजराइतकं सोपं नाही. आपण दोन पायांवर चालतो, आणि आपला मज्जारज्जू मेंदूच्या ताब्यात फार आहे. अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू रॉब समर्स याला 2006 साली गाडीने उडवलं. छातीखाली हालचाल गेली. लुईव्हिल विद्यापीठात सुझन हार्केमा यांच्या गटाने त्याला 26 महिन्यांत 170 वेळा पट्ट्यावर दोरांनी तोलून चालवलं. काही फरक पडला नाही. मग 2009च्या अखेरीस त्याच्या पाठीत, मज्जारज्जूच्या आवरणावर, सोळा इलेक्ट्रोडची पट्टी बसवली. यंत्र नवं नव्हतं. जुनाट वेदनेसाठी ते आधीपासून वापरात होतं. वीज सुरू केल्यावर समर्स आपल्या पायांवर वजन घेऊन उभा राहू लागला. हे संशोधकांना अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते काही महिन्यांनी घडलं: यंत्र सुरू असताना त्याला ठरवून पायाचा अंगठा, घोटा, गुडघा हलवता येऊ लागला. 2011 साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. 2014 साली चौघांचे निकाल आले, आणि चौघांनाही ठरवून हालचाल करता आली. त्यातल्या दोघांची इजा तपासणीत 'पूर्ण' ठरलेली होती, म्हणजे इजेखाली हालचालही नाही आणि संवेदनाही नाही.

हे झालं कसं? ती वीज स्नायूंना थेट खेचत नाही. तिची तीव्रता तेवढी ठेवलेलीच नसते. ती मज्जारज्जूत शिरणाऱ्या, पायांची खबर आणणाऱ्या जाड तंतूंना जागं करते, आणि त्यांच्यामार्फत खालच्या पेशींची तयारी वाढवते. 'पूर्ण' म्हटलेल्या इजेतही अनेकदा थोडे तंतू शाबूत उरलेले असतात. त्यांच्यातून मेंदूचा क्षीण निरोप खाली येतो, पण पेशी जाग्या होण्याइतकं बळ त्यात नसतं. विहिरीवर दोर अपुरा आहे म्हणून पोहरा कोरडाच वर येतो. पाणी चार हात चढलं तर त्याच दोराने भरतो. वीज हे पाणी चढवते, दोर लांब करत नाही. म्हणून रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न हवाच. तो मनात 'उचल' म्हणाला नाही तर पाय तिथेच राहतो.

कार्डावर लिहिलेल्या 'कम्प्लीट' या शब्दाचा अर्थही त्यामुळे नव्याने समजून घ्यावा लागतो. त्या दिवशीच्या तपासणीत काही सापडलं नाही, एवढाच तो अर्थ. मज्जारज्जूचे दोन तुकडे झाले असं तो शब्द सांगत नाही. घरी सोडताना हे कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं. खोटी आशा दाखवण्यासाठी नाही, तर शरीर सांभाळण्याला अर्थ आहे हे कळावं म्हणून.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रेग्वार कुर्तीन हे शास्त्रज्ञ आणि जोसलीन ब्लॉक या मेंदूच्या शल्यविशारद यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. उंदरांमध्ये सलग वीज छान चालते, माणसांत तेवढी का चालत नाही? माणसाचा पाय लांब. पायाची खबर वर यायला वेळ लागतो, आणि त्याच तंतूंतून विजेचे ठोके उलट खाली जात असतात. दोघांची वाटेत गाठ पडते आणि खबर मिटून जाते. पाय कुठे आहे हे मज्जारज्जूला कळेनासं होतं. म्हणून त्यांनी वीज तुकड्यांत द्यायला सुरुवात केली: डावं पाऊल उचलायच्या क्षणी डाव्या बाजूच्या ठरावीक जागी, टेकायच्या क्षणी दुसऱ्या जागी. 2018 साली त्यांच्या पहिल्या तीन रुग्णांचे निकाल 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आले. ते आधार घेऊन चालत होते, आणि काही महिन्यांच्या सरावानंतर यंत्र बंद असतानाही थोडी हालचाल त्यांना परत मिळाली होती. 2023 साली त्यांनी डच नागरिक गेर्ट-यान ओस्कम यांच्यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या कवटीत मेंदूच्या वर इलेक्ट्रोडच्या दोन तबकड्या बसवल्या होत्या. चालण्याचा विचार तिथे वाचला जातो, संगणक तो उलगडतो आणि मज्जारज्जूवरच्या यंत्राला सांगतो. यामुळे त्यांना जिना चढता आला, ओबडधोबड जमिनीवर चालता आलं. सगळी यंत्रं बंद करूनही कुबड्यांवर चालण्याची ताकद त्यांच्यात वाढली.

या चित्रफिती पाहून प्रत्येक घरात एकच प्रश्न येतो: आमचा कधी चालणार? ते चालणं कसं असतं हे स्पष्ट बोलायला हवं. वॉकर किंवा कुबड्या लागतात, वेग कमी असतो, लांब जायला व्हीलचेअरच लागते. बाहेरून पाय उचलणारा यांत्रिक सांगाडा अंगावर चढवूनही चालता येतं, पण ते मोटारीचं चालणं. खालच्या मज्जारज्जूला त्यात फारसं विचारलंच जात नाही. आणि रुग्णांना पहिल्यांदा चालणंच हवं असतं, हे आपण परस्पर ठरवलेलं आहे. 2004 साली अमेरिकेत किम अँडरसन यांनी, ज्या स्वतः ही दुखापत घेऊन जगतात, शेकडो रुग्णांना विचारलं. मान दुखावल्याने हातपाय चारही लुळे पडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी आधी हात मागितले. कमरेखाली गेलेल्यांनी सगळ्यात वर लैंगिक जीवन ठेवलं. लघवी-शौचाचा ताबा दोघांच्याही यादीत ठळक होता.

म्हणून मला 2024 साली आलेला एक प्रयोग या सगळ्यांत जास्त मोलाचा वाटतो, जरी त्याची चित्रफीत फारशी नेत्रदीपक नाही. शस्त्रक्रिया नाही, मानेवर कातडीला इलेक्ट्रोड चिकटवायचे, वीज सुरू असताना हातांचा व्यायाम करायचा. मानेची दुखापत झालेले साठ जण होते, काहींची इजा तीस वर्षांहून जुनी. दोन महिने नुसता व्यायाम, मग दोन महिने विजेसह. 72 टक्के जणांच्या हातांची ताकद आणि उपयोग दोन्ही वाढले. पेला धरणं, गुंडी लावणं, स्वतःची नळी स्वतः घालणं: चिमटीत थोडा जोर आला की या गोष्टी आवाक्यात येतात, आणि त्या आल्या की आईला किंवा बायकोला चोवीस तास शेजारी बसावं लागत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत या यंत्राला मान्यता मिळाली.

एक इशारा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. हातांच्या स्नायूंना वीज देऊन मूठ वळवणारं 'फ्रीहँड' नावाचं यंत्र अमेरिकेत 1997 सालीच मान्य झालं होतं. अडीचशेच्या आसपास लोकांच्या शरीरात ते बसवलं गेलं. चांगलं चालत होतं. गिऱ्हाइकं थोडी म्हणून कंपनीने 2001 साली ते विकणं बंद केलं, आणि यंत्र अंगात असलेली माणसं सुट्या भागांसाठी दारोदार झाली. शरीरात काही बसवून घेण्याआधी, दहा वर्षांनी ते दुरुस्त कोण करणार, हे विचारायला हवं.

आपल्याकडे या ज्ञानाची परंपरा नाही असं नाही. 1954च्या अपघातात कमरेखाली लुळ्या झालेल्या डॉ. मेरी वर्गीस यांनी व्हीलचेअरवर बसून वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि 1966 साली तिथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे, पुण्यात खडकीला जखमी जवानांचं केंद्र आहे. पण जिल्ह्याच्या गावी मणक्यात स्क्रू बसवून दहाव्या दिवशी घरी सोडलेल्या शेतमजुराला यांपैकी काही माहीत नसतं. तो लोखंडी खाटेवर पडून राहतो. महिन्याभरात माकडहाडावर जखम पडते. पाय ताणून कुणी दिले नाहीत तर घोटे खाली वाकून तसेच आखडतात, गुडघे सरळ होत नाहीत, वजन न पडल्याने हाडं ठिसूळ होतात.

आणि मज्जारज्जूला वीज देण्याच्या चाचण्यांमध्ये रुग्ण निवडताना सगळ्यात आधी ज्या गोष्टी पाहतात त्या याच: उघडी जखम नको, सांधे आखडलेले नकोत, हाड मोडण्याइतकं ठिसूळ नको. लोझानच्या यंत्राची वाट पाहायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. घोटा रोज दोन वेळा ताणायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, चार-सहा तासांनी मूत्राशय रिकामं करायचं. रुग्णालयातून सुटताना हातात मिळणाऱ्या कागदावर गोळ्यांची यादी असते. त्याच कागदावर, ठळक मराठीत, या चार ओळी छापायला खर्च काहीच येत नाही.